दुसरी हाक

पोलादपूर,
सोमवार, ता. २ ऑक्टोबर १९७८

चि. शमू,

आजाचा सलाम घे. इथे मी आणि तुझी आई प्रभूने ठेवले तसे आहोत. तू मुंबईत कसा आहेस ते मात्र कळत नाही, कारण तुझे पत्र येऊन एकवीस दिवस झाले. कामाचा व्याप असेल असे तुझी आई म्हणते. मी नुसता पोस्टमनच्या वाटेकडे बघत बसतो. तो लांबून हात हलवून 'नाय, नाय' म्हणतो आणि सायकल न थांबवता पुढे जातो.

आज गांधी जयंती, पोस्ट बंद. हे उद्या टाकीन. पाऊस गेल्यासारखा आहे, पण संध्याकाळी घाटाकडे गडगडते. भात पिवळे पडले. तुझ्या आईने घर डोक्यावर घेतले आहे. दवाखान्यातून ड्यूटी करून येते आणि लगेच भिंती सारवायला घेते. मी मध्ये आलो तर म्हणते, "बाबा, तुमी फकस्त बसून ऱ्हावा." तुझा कोट शिंप्याकडे आहे. छातीचे माप मेमध्ये घेतले होते. तू वाळला असशील तर कळव, म्हणजे आवळून घेता येईल.

काल पहिली हाक झाली. लहानपणी तू हाका ऐकल्या आहेस, पण तेव्हा तुझे लक्ष कौलांतल्या चिमण्यांकडे असे, म्हणून लिहितो. लग्नाआधी तीन रविवार उपासनेत नवरा-नवरीची नावे वाचायची. या दोघांनी एकत्र येऊ नये असे कोणाला काही कारण ठाऊक असेल तर त्याने ते आता सांगावे, असे विचारायचे. मग वाचणाऱ्याने थांबायचे. किती, तर मनात प्रभूची प्रार्थना एकदा म्हणून होईल एवढा वेळ. आपल्या मंडळीत पहिल्यापासून असेच आहे. पाळकसाहेब महिन्याच्या तिसऱ्या रविवारीच येतात, म्हणून पहिल्या दोन हाका वाचायचे काम मंडळीचा कारभार पाहणारा वडील म्हणून माझ्याकडे आले. तिसरी ते वाचतील.

मी वाचले. शमुवेल दानियेल आणि नीला, गीताबाईंची भाची, यांचा विवाह सोमवार ता. ३० रोजी. मग विचारले आणि थांबलो. मनात प्रार्थना सुरू केली आणि अर्ध्यावर शब्द विसरलो. सत्तरीला आलो, रोज म्हणतो, आणि विसरलो. सगळे माझ्याकडे पाहत होते आणि मी दाराकडे. कोणी येणार होते असे नाही. शेवटी गोमाजी खोकला, तेव्हा मी पुढचे गीत काढले. गोमाजी माझ्याबरोबरचा दुसरा वडील, मंडळीचे रजिस्टर त्याच्या ताब्यात असते. बाहेर आल्यावर म्हणाला, "श्रीपत, येवढा येळ कशाला थांबलास रं? कुनी हरकत घ्यावी म्हून वाट बघत व्हतास काय?" सगळे हसले. मीही हसलो.

नीला आली नव्हती. हाका चालू असताना नवरीने उपासनेला यायचे नाही ही रीत ती पाळते. पोरगी चांगली आहे. महाडच्या शाळेत तिला पक्की नोकरी लागली. आईबापाविना वाढली, पण कोणापुढे वाकत नाही. उशांच्या अभ्र्यांवर तिने निळ्या दोऱ्याने वेल काढली आहे. गीताबाई ते दाखवायला घेऊन आल्या होत्या. मला ते फार वेळ बघवेनात.

सोमाला पत्रिका पाठवायची का ते कळव. तुझी आई म्हणते, चार वर्षे एका खोलीत राहिलात, एका ताटात जेवलात, त्याला बोलावलेच पाहिजे. मला वाटते त्याला रजा मिळणार नाही. मिळू नये.

मे महिन्यात आपण नदीवर बोललो त्याविषयी मी काही लिहीत नाही. पत्र कोणाच्याही हाती पडते. तू तेव्हापासून रोज प्रार्थना करतोस ना? फरक पडला का? असे कर. फरक पडला असेल तर 'तब्येत सुधारली' असे लिही. नसेल तर 'तब्येत तशीच आहे' असे लिही. बाकी काही लिहू नको. सोमाचे नावसुद्धा नको.

मला चार दिवस अन्न गोड लागत नाही. वय झाले, दुसरे काही नाही.

तुझी वाट पाहणारा,
आजा


महाड एस. टी. स्टँड,
सोमवार, ता. ९ ऑक्टोबर १९७८

चि. शमू,

हे पत्र महाडला येऊन लिहितो आहे. आपल्याकडच्या पोस्टात टाकायची हिंमत नाही. पोस्टमन मला ओळखतो, तुझे अक्षर ओळखतो, आणि आता मला वाटते की त्याला सगळेच कळते. आंतरदेशीय घेतले आहे, तिन्ही बाजूंनी खळ लावून चिकटवीन. वाचलेस की जाळ.

तुझे पत्र शनिवारी आले. मी अंघोळीला गेलो होतो. तुझ्या आईने फोडले आणि मोठ्याने वाचले. 'तब्येत तशीच आहे, आजा. सोमा खोली सोडून गेला. मी रोज प्रार्थना करतो. तुम्ही म्हणालात की लग्नानंतर बरं वाटेल, म्हणून मी हो म्हटलं. तुम्हाला खात्री आहे ना?'

मी ओल्या अंगाने तिथेच उभा. ती म्हणाली, "बाबा, ह्याला काय झालंय? मला कुनी काय सांगितलं नाय."

"पोटाचं आहे," मी म्हणालो. "गॅस धरतो."

"मग लग्नानं पोट कसं बरं व्हईल?"

"घरचं जेवण मिळेल ना," मी म्हणालो.

तिला पटले. तुला ओव्याची पुरचुंडी येईल, ती घे. मी आयुष्यात इतके चटकन खोटे बोललो नव्हतो. बोललोही असेन. त्याबद्दल आज नको.

शमू, तू मला विचारलेस, खात्री आहे ना. मे महिन्यात तू नदीवर बसून जे बोललास ते मला शब्दन् शब्द आठवते. तू म्हणालास, "आजा, मला मुलींविषयी तसं काही वाटत नाही. कधीच वाटलं नाही. मला सोमाविषयी वाटतं. मी खूप प्रयत्न करून पाहिला." तू रडत नव्हतास. खडे उचलून पाण्यात टाकत होतास. आणि मी काय केले? उठलो. धोतर झटकले. आजूबाजूला कोणी धुणी धुवायला आले आहे का ते पाहिले. मग म्हणालो, "लग्न कर. बाई घरात आली की हे आपोआप जातं." तू विचारलेस, "तुम्हाला कसं माहीत?" मी म्हणालो, "म्हाताऱ्या माणसाला माहीत असतं."

तू माझे ऐकलेस. लहानपणापासून ऐकत आलास. तुझा बाप गेल्यावर मी आणि तुझ्या आजीने तुला वाढवले, म्हणून ऐकतोस. दुसऱ्या कोणाचे ऐकले असतेस तर आज माझी झोप उडाली नसती.

आता काल काय झाले ते लिहितो. कोणालाच माहीत नाही.

काल दुसरी हाक वाचायची होती. कागद माझ्या पवित्र शास्त्रात ठेवलेला होता. उपासना झाली, मी सूचना वाचल्या. बायकांची प्रार्थनासभा गुरुवारी. दवाखान्यातल्या महारोग्यांसाठी जुनी लुगडी आणून द्यावीत. मग हाक. कागद उघडला. तुझे नाव दिसत होते, तिचे दिसत होते. 'कोणाला काही कारण ठाऊक असेल तर' हे दिसत होते. तिथे ओठ उघडेनात. ज्याला कारण ठाऊक आहे त्यानेच उभे राहून दुसऱ्यांना कसे विचारायचे? मी कागद मिटला आणि म्हणालो, "उभे राहून शेवटचे गीत गाऊ या." सगळे उभे राहिले आणि गायले.

कोणाच्या ध्यानातसुद्धा आले नाही, शमू. सतरा माणसे होती. हाक होणार हे माहीत होते, म्हणून ती झाली असेच सगळे धरून चालले. गोमाजी गीताआधी डुलक्या घेत होता. रजिस्टर उघडून म्हणाला, "दुसरी झाली न्हवं? लिव." मी लिहिले. ता. ८, दुसरी हाक वाचली, हरकत नाही. खाली सही केली. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण अक्षर माझे चांगले आहे. ते पानावर किती खरे दिसत होते!

आता मी फार भितो आहे. येत्या रविवारी पाळकसाहेब येतील. तिसरी हाक वाचतील आणि त्यानंतर प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला आहे. मनात खोटे ठेवून तो प्याला घ्यायचा नाही, हे मी चाळीस वर्षे दुसऱ्यांना बजावत आलो. तोंड उघडले तर विचारतील, का वाचली नाहीस. मग मी काय सांगू? तुझे सांगू? मरेन पण सांगणार नाही. मग काय सांगू?

बस आली.

आजा

ता. क. सोमा कुठे गेला? त्याच्यापाशी राहायला जागा आहे ना? हे मी का विचारतो मला ठाऊक नाही.


पोलादपूर,
शुक्रवार, ता. १३ ऑक्टोबर १९७८

चि. शमू,

काल मी तुडीलला जाऊन आलो. तुझ्या आईला सांगितले की डोळे तपासायला महाडला जातो. तुडीलला एक माणूस राहतो, सहदेव. त्याचे नाव तू आमच्या घरात कधी ऐकले नसशील. ते घेतले जाऊ नये याची काळजी मी घेत होतो.

सुरुवातीपासून सांगतो. लग्नाआधी मी दवाखान्यात पट्ट्या बांधायला लागलो नव्हतो. तेव्हा मिशनचे डॉक्टरसाहेब गावोगाव फिरत आणि औषधांची पेटी दोघे जण बांबूला टांगून खांद्यावर नेत. पुढे सहदेव, मागे मी. दोन वर्षे अशी गेली. पेटीत काचेच्या बाटल्या असत. दोघांची पावले एका तालात पडली नाहीत तर बाटल्या आपटत, म्हणून साहेबांनी आधी दोन-तीन जोड्या बदलून पाहिल्या होत्या. आमची जोडी लागल्यावर एकही बाटली फुटली नाही. मी दिवसभर त्याची मान पाहत चालायचो. तो न वळता बोलायचा, नकला करायचा, साहेबांचे मराठी बोलून दाखवायचा. मला हसू आवरत नसे आणि पेटी हलत असे. घाटातल्या धर्मशाळेत, पडव्यांमध्ये आम्ही एका कांबळ्यावर निजायचो. याच्यापुढे मी लिहीत नाही. तुला लिहायची गरज नाही.

मग माझ्या वडिलांनी ठकूबाई पाहिली. तुझी आजी. मी घाबरून त्या वेळच्या पाळकांकडे गेलो आणि अर्धवट काहीतरी बोललो. ते चांगले होते. रागावले नाहीत. म्हणाले, लग्न कर, बाई घरात आली की हे आपोआप जाते. आता तुला कळले असेल, हे वाक्य मी कुठून आणले.

सन चौतीसच्या माघात माझ्या तीन हाका झाल्या. तिन्ही वेळा सहदेव आपल्या ख्रिस्ती देवळाच्या भिंतीबाहेर, खिडकीखाली उभा होता. तो बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. तिसरी हाक झाली, पाळक थांबले, आणि मी देवाला म्हणालो, कोणीतरी काहीतरी बोलू दे. कोणी बोलले नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सहदेव काम सोडून तुडीलला गेला.

छप्पन साली आमची सगळी भावकी बुद्धाकडे गेली, तोही गेला. मला बोलावणे आले होते. पण मला ख्रिस्त सोडवला नाही. माझ्या आयुष्यात खोटे पुष्कळ आहे, ते प्रेम मात्र खोटे नाही. दरवर्षी मार्चात चवदार तळ्यावर लोक जमतात, तेव्हा मला महाडला काही ना काही काम निघे. चप्पल शिवायची असे, औषध आणायचे असे. मी लांब कोपऱ्यावर उभा राहायचो. पांढरे कपडे घातलेल्या त्या सगळ्या माणसांत मला तो मानेवरून ओळखू यायचा. जवळ कधी गेलो नाही. चव्वेचाळीस वर्षे.

काल गेलो. तो पडवीत जाळे विणत बसला होता. पुतण्याच्या घरी राहतो. लग्न केले नाही. मी अंगणात उभा राहिलो. त्याने वर पाहिले.

"कोण? शिरपत?" म्हणाला. "मेलास का काय? भूत होऊन आलास?"

"नाय रे. जिता हाय."

"जिता असतास तर आधी आला असतास. बस. पानी घेतोस, का तुमच्या देवाला चालायचं नाय?"

मी पाणी प्यालो. तांब्या दोन्ही हातांनी धरला, तरी अर्धे सदऱ्यावर सांडले. तो म्हणाला, "बाटली नाय ती, फुटायची नाय." मग मी सगळे सांगितले. तुझे नाव घेतले नाही, नातू एवढेच म्हणालो. सांगून झाल्यावर विचारले, "मी काय करू?"

त्याने जाळ्याला आणखी एक गाठ मारली. "येवढ्या वर्षांनी आलास, ते चर्चमधला सवाल घेऊन," म्हणाला. मग हातातली सुई खाली ठेवली. "शिरपत, मला एक सांग. त्या टायमाला तुजा पादरी बोलला, कुनाची हरकत असंल तर सांगा. ते मला सांगता आलं असतं?"

"कुणालाबी सांगता येतं."

"बाटलेल्यांनाच सांगता येतं असं मला वाटलं," तो म्हणाला. "म्हून मी गप ऱ्हायलो. तिन्ही रईवार भितीला टेकून हुबा व्हतो. तोंडापर्यंत आलं व्हतं. म्हटलं, आपून भायेरचे, आपलं कोन ऐकनार?"

त्याने जाळे पुन्हा मांडीवर ओढले. आत पुतण्याची सून भाकरी थापत होती.

निघताना तो म्हणाला, "आनि ती पोरगी? तिचं काय? तुजी बायको कशी व्हती?"

त्याचे उत्तर मी त्याला दिले नाही. तुला देतो. तुझी आजी चांगली होती आणि लोक म्हणत, श्रीपत देवमाणूस, बायकोवर कधी हात उचलला नाही. खरे आहे. मी ठकूबाईला काही कमी पडू दिले नाही. तुझी आई ललिता झाली. ती एकटीच. त्यानंतर मी पडवीत निजू लागलो, कारण विचारले तर म्हणायचो, खोकला आहे. तिने एकदाच विचारले, "माज्यात काय कमी हाय ते तरी सांगा." मी प्रार्थना करू या म्हणालो. सहा वर्षांमागे ती गेली, त्याआधी दोन दिवस माझा हात धरून म्हणाली, "तुमी चांगलं वागलासा. पन मी कुनाला हवी हाय असं मला जल्मात वाटलं नाय." मी तिला औषध पाजले. दुसरे काय करणार होतो?

ते आपोआप जात नाही, शमू. माझे गेले नाही. मी कष्टाने दाबून ठेवले आणि त्याचा भार तिने वाहिला.

परवा रविवार आहे. मी काय करणार ते अजून मला ठाऊक नाही. उभा राहिलो तर मंडळीतून काढतील, कबरस्तानात ठकूबाईच्या शेजारची जागा मला मिळणार नाही, तुझी आई मला घरात ठेवील की नाही कोण जाणे. आणि मेल्यावर देव काय करील? रोज वाटते की तो सगळे जाणतो. कधी त्याने धीर येतो, कधी त्याचीच भीती वाटते.

हे पत्र जाळायचे की ठेवायचे ते तू ठरव.

आजा


पोलादपूर,
मंगळवार, ता. १७ ऑक्टोबर १९७८

चि. शमू,

हे पत्र हातात पडेल तिथेच उभ्याने वाच. नीला शनिवारी मुंबईला येते आहे. सकाळच्या सहाच्या गाडीने निघेल, दुपारी तुझ्या खोलीवर पोहोचेल. पत्ता तिने माझ्याकडून घेतला आहे. असे का झाले ते क्रमाने सांगतो, म्हणजे तू गोंधळणार नाहीस.

रविवारी पाळकसाहेब आले. देऊळ भरले होते. त्यांनी तिसरी हाक वाचली, विचारले आणि थांबले. मी पहिल्या बाकावर होतो. थांबायची वेळ संपत आली आणि मी उभा राहिलो. का राहिलो ते सांगता येत नाही. बसून राहणे जमले नाही एवढेच.

"साहेब, ही हाक तिसरी नाही," मी म्हणालो. "दुसरी झालीच नाही."

त्यांनी रजिस्टर मागवले. पान उघडले. "इथे तर तुमच्याच अक्षरात लिहिलं आहे, श्रीपतराव."

"ते खोटं लिहिलं."

मग गोमाजी उठला. भला माणूस. म्हणाला, "साहेब, वय झालं त्याचं. इसरला आसंल. मीबी डोळा मिटून व्हतो, चूक माजीबी हाय."

शमू, त्याने मला दार उघडून दिले होते. हो म्हणालो असतो तर सगळे हसले असते आणि मी घरी जाऊन जेवलो असतो. एक क्षण मी हो म्हणणारच होतो. तोंड उघडलेसुद्धा.

"विसरलो नाही," मी म्हणालो. "वाचली नाही."

"का?" पाळकसाहेबांनी विचारले.

"ते मला इथे सांगता येत नाही. नवरीत खोट नाही. मुलाने काही गुन्हा केलेला नाही. पण मी ते वाचू शकत नाही."

त्यांनी रजिस्टर मिटले. मग म्हणाले, नियमाप्रमाणे आधीच्या हाका रद्द. नव्याने तीन रविवार मोजावे लागतील, तीस तारखेला लग्न लागू शकत नाही. मला त्यांनी वडीलपणावरून उतरवले आणि प्रभुभोजनाला बाजूला बसवले. प्याला माझ्या पुढून गेला. लोक बाहेर पडताना माझ्या अंगाला अंग लागू नये म्हणून कडेने जात होते. दवाखान्यातल्या रोग्यांना लोक असे टाळताना मी आयुष्यभर पाहिले. आता कळले कसे वाटते.

तुझी आई घरी आली. मग ओट्यावर बसून म्हणाली, "माज्या पोराच्या लग्नात तुमी माती कालवली. का ते तरी सांगा." मी म्हणालो, त्यालाच विचार. तेव्हापासून ती ताट वाढून ठेवते आणि आत जाते. तिचा राग धरू नको. तिला भीती वाटते आहे, फक्त कशाची ते तिला माहीत नाही.

काल शाळा सुटल्यावर नीला आली. छत्री भिंतीला टेकवली आणि माझ्यासमोर उंबऱ्यावर बसली. मला वाटले रडेल.

"आजोबा, माझं नाव वाचायला तुम्हाला एवढं जड गेलं?"

"तुझं नाही गो. तुझ्यात काही नाही."

"मुंबईत त्याची कोणी बाई आहे?"

"नाही. शपथेवर सांगतो."

"आजारी आहे? दवाखान्यातला रोग?"

"नाही, नाही."

"मग तो लग्नाला हो कशाला म्हणाला?"

मी खाली पाहिले. "मी सांगितलं म्हणून," म्हणालो.

पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मग म्हणाली, "म्हणजे त्याला मी नको आहे आणि तुम्हाला ते माहीत आहे. तुम्हा दोघांनाही माहीत आहे. मी एकटीच अभ्र्यांवर वेली काढत बसले."

मला ठकूबाई समोर बसल्यासारखे वाटले. मी हात जोडले. ती म्हणाली, "हात जोडू नका, पत्ता द्या. मावशीला मी शाळेचं काम आहे म्हणून सांगेन. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय." मी दिला. जाताना वळून म्हणाली, "तुम्ही रविवारी उभे राहिलात ते माझ्यासाठी की त्याच्यासाठी?" मी म्हणालो, मला कळत नाही. ती म्हणाली, "बरं," आणि छत्री घेऊन गेली.

तर ती येते आहे. तुझे मी कोणाला काही सांगितलेले नाही. ते तुझे आहे, तूच सांगायचे. तिला सांग, शमू. नदीवर मला जसे एक-दोन वाक्यांत सांगितलेस तसेच सांग. ती रागावेल, कदाचित वाईट बोलेल, ते ऐकून घे. पण ती इथे येऊन कोणाला ओरडून सांगेल असे मला वाटत नाही. चुकतही असेन. माझा अंदाज यापूर्वी फार चुकला आहे.

लग्न कर किंवा करू नको, हे मी आता सांगणार नाही. तिला न सांगता मात्र करू नको. आणि मे महिन्यात नदीवर मी तुला सांगितले ते देवाने सांगितलेले नव्हते. मी तुला प्रार्थना करायला लावली, पण ते भीतीने सांगितले होते, माझ्या. देवाचे काय म्हणणे आहे ते मला एवढ्या वर्षांत नीट ऐकू आलेले नाही. तुला ऐकू आले तर मला लिही. सोमा सापडला तर त्याला माझा सलाम सांग.

तुला शनिवारी फार भीती वाटेल. हे लिहितानाही मला वाटते आहे, रेघ सरळ येत नाही, तू पाहतोच आहेस. तू आजारी नाहीस. वाईटही नाहीस. मला हे कोणीतरी सांगायला हवे होते तेव्हा कोणी सांगितले नाही, म्हणून मी तुला सांगतो. तुझे माझ्याशी नाते तुझ्या आईमुळे आहे, पण त्याखेरीज आणखी एक आहे. ते मी आजवर तोंडाने उच्चारलेले नाही. इथे लिहितो आणि खाली सही करतो. ही सही खरी आहे.

तुझ्यासारखाच,
श्रीपत